‘बाख मला माझ्या घरी भेटला’ : एका संगीतरचनाकाराच्या आठवणींतील स्थळे आणि श्रवण

१

१९८६ साली मद्रासमध्ये ‘हाउ टु नेम इट?’ या नावाने वाद्यसंगीताचा एक संच प्रसिद्ध झाला. रचनाकार होते तमिळ चित्रपटसृष्टीतील अग्रगण्य संगीतकार इळैयराजा. संच दोघांना अर्पण केलेला आहे : त्यागराज आणि योहान सेबास्टियन बाख. त्यातील एका रचनेचे शीर्षक ‘आय मेट बाख इन माय हाउस’, म्हणजे ‘बाख मला माझ्या घरी भेटला’ असे आहे. तिच्या पाठोपाठ येणारी रचना जणू तेच वाक्य पुढे चालवते : ‘अँड वी हॅड अ टॉक’, आणि आमचे बोलणे झाले. या संचाविषयी बोलताना ‘पूर्व-पश्चिमेचा संगम’ हा शब्दप्रयोग हाताशी तयारच असतो, आणि तो एकदा वापरला की विषय संपल्यासारखा वाटतो. प्रस्तुत निबंधाचे कुतूहल त्या शीर्षकातील ‘घर’ या शब्दाविषयी आहे.

थोर कलावंताला भेटायचे तर आपण त्याच्या गावी जावे, असा आपल्याकडील संकेत आहे. त्यागराजांसाठी तिरुवैयारूला जायचे, ज्ञानदेवांसाठी आळंदीला. बाखसाठी अर्थातच लाइपझिगला. इळैयराजांनी असा प्रवास केला नाही असे नव्हे. ‘संगीतक् कनवुगळ्’ (संगीतातील स्वप्ने) हे त्यांचे तमिळ पुस्तक युरोपच्या प्रवासावरच आहे. परंतु रचनेला नाव देण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी यात्रेची दिशा उलटी केली. येथे बाख चालत आला आहे, यजमान मद्रासचा आहे. हे घर कोणते, ते कसे मिळाले, आणि ‘माझे घर’ असे म्हणू शकण्याआधी या रचनाकाराला कोणकोणत्या जागांतून, कोणकोणत्या दारांशी उभे राहून ऐकावे लागले, हा प्रश्न मला त्या संगीताच्या आकलनासाठी आवश्यक वाटतो. संगीतरचनाकारांच्या आठवणींतील स्थळांना आपण ‘प्रेरणास्थाने’ म्हणून सोडून देतो. माझे म्हणणे असे की या आठवणींत स्थळ येते ते श्रवणाच्या हक्काचा दाखला म्हणून. कोणाला कोठे ऐकू दिले गेले आणि कोणत्या वाद्याला हात लावू दिला गेला, याचा तो इतिहास असतो.

२

टी. नगर हे नाव मुळात त्यागरायनगर. जस्टिस पक्षाचे नेते पिट्टी त्यागराय चेट्टी (१८५२–१९२५) यांच्या स्मरणार्थ ते दिले गेले. नावातील ध्वनिसाम्यामुळे बाहेरच्या माणसाला ते संतसंगीतकार त्यागराजांचे नगर वाटते. मलाही पहिल्या भेटीत तसेच वाटले होते आणि एका वृद्ध पुस्तकविक्रेत्याने सौम्यपणे माझी समजूत दुरुस्त केली. १९२० च्या दशकात मैलापूर आणि नुंगम्बाक्कम यांच्या पश्चिमेला पसरलेला लांबट तलाव फोडून, त्याच्या कोरड्या केलेल्या तळावर ही वसाहत आखली गेली. रेल्वेरुळांपलीकडील पश्चिम माम्बलममध्ये आजही ‘लेक व्ह्यू रोड’ आहे. दृश्य गेले, रस्ता राहिला. मध्यभागी पनगल पार्क, त्याभोवती फाकलेले रस्ते, आणि पुढे पाँडी बझारची गजबज. सोने आणि रेशमी साड्या यांच्या खरेदीसाठी सगळा तमिळ प्रदेश येथे लोटतो, त्यामुळे या वस्तीला एक सांगीतिक भूगोलही आहे हे चटकन ध्यानात येत नाही.

तो भूगोल असा. पूर्वेला मैलापूर : कपालीश्वराचे मंदिर, ब्राह्मणी वस्ती, कर्नाटक संगीताच्या सभा आणि त्यांचे जाणकार श्रोते. पश्चिमेला, रुळांच्या पलीकडे, कोडंबाक्कम, वडपळनी, साळिग्रामम् : चित्रपटांचे स्टुडिओ, ध्वनिमुद्रणाची दालने, वादकांच्या खोल्या. या दोन संगीतविश्वांच्या मधोमध टी. नगर आहे, आणि मधल्या जागेला शोभेल असे त्याचे वर्तन आहे. येथील ‘वाणी महाल’ हे सभागृह उभारण्यात चित्तूर व्ही. नागय्या यांचा पुढाकार होता. नागय्या चित्रपटांतील गायक-नट आणि संगीतकार; १९४६ च्या तेलुगू ‘त्यागय्या’ चित्रपटात त्यांनी स्वतः त्यागराजांची भूमिका केली. म्हणजे त्यागराज आणि चित्रपट यांची या वस्तीत गाठ पडली ती इळैयराजांच्या कितीतरी आधी. कवी कण्णदासन येथेच राहत. जुना हेन्समन रोड आता त्यांच्या नावाने ओळखला जातो. इळैयराजांचे घर अनेक वर्षे याच टी. नगरमध्ये आहे.

मराठी वाचकाला या भूगोलाशी समांतर जागा शोधायची तर गिरगाव आठवेल. तेथेही एका अंगाला गायनाच्या बैठका आणि दुसऱ्या अंगाला नाटकाची थिएटरे होती. मात्र गिरगावात ही दोन विश्वे बऱ्याच अंशी एकाच समाजाच्या हाती होती. मद्रासमध्ये मैलापूरहून कोडंबाक्कमला जाणे जेवढे सोपे होते, तेवढे कोडंबाक्कमहून मैलापूरला येणे सोपे नव्हते.

३

इळैयराजांच्या आठवणी एका ग्रंथात क्रमाने बांधलेल्या नाहीत. काही पुस्तकांत आहेत, काही मुलाखतींत. पुष्कळशा मैफलीच्या मंचावरून, दोन गाण्यांच्या मध्ये, हजारो श्रोत्यांना उद्देशून सांगितलेल्या आहेत. त्याच गोष्टी ते पुन्हा पुन्हा सांगतात. लिखित आत्मचरित्राच्या निकषाने पाहणाऱ्याला ही पुनरुक्ती वाटेल. मला तीत कर्नाटक संगीतातील ‘संगती’ची रीत दिसते. कृतीची एकच ओळ प्रत्येक आवर्तनात थोडी वाढवून, थोडी वळवून गायची. ओळ तीच राहते, वजन बदलत जाते.

पहिली ओळ पण्णैपुरम्. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, केरळच्या सीमेलगत, आजच्या थेनी जिल्ह्यातील हे खेडे. १९४३ साली इळैयराजांचा जन्म झाला तेव्हा ते मदुराई जिल्ह्यात होते. या गावाच्या आठवणीत नदी, डोंगर, पाखरे येतात, पण त्याहून अधिक येते ती आई. चिन्नत्तायी कामे करताना गायच्या, आणि त्या गाण्यांचा साठा आपल्या चालींच्या मुळाशी आहे असे त्यांनी वारंवार सांगितले आहे. पाळणे, लावणीची गाणी (येथे भाताची लावणी अभिप्रेत आहे, आपली नव्हे) आणि मृतासाठी बायका गातात तो ‘ओप्पारी’ हा विलाप, हे त्या मुलखातील बायकांचे संगीत. ते ऐकायला परवानगी लागत नाही. ज्याच्या जन्माला, रोपाला आणि मरणाला ते म्हटले जाते त्याच्या कानावर ते पडणारच.

दुसरी ओळ हार्मोनियमची, आणि येथे परवानगीचा प्रश्न उभा राहतो. सावत्र थोरले बंधू पावलर वरदराजन हे कवी-गायक. कम्युनिस्ट पक्षाच्या सभांतून ते गात. घरात त्यांची हार्मोनियम होती आणि धाकट्यांनी तिला हात लावायचा नाही असा दंडक होता. दादा बाहेर गेले की पेटी उघडायची, आणि सापडले की मार खायचा. मंचावरून ही आठवण सांगितली जाते तेव्हा श्रोते हसतात. हार्मोनियमची अशी चोरटी साधना आपल्याकडील वाचकांना अपरिचित नाही. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) हेही पेटीच्या वाटेनेच संगीतात शिरले. पण फरक असा की टेंब्यांना पेटी घेऊन भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसता आले, आणि तेथून हिंदुस्थानी गायकीचे अंतरंग जवळून ऐकता आले. ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९) हे त्यांचे पुस्तक वाचताना जाणवते ते हे की त्यात दारे फारशी बंद नाहीत. कोल्हापूर असो वा मुंबई, लेखक बैठकीत आत बसलेला आहे. १२ मार्च १९११ रोजी रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत मानापमान’साठी त्यांनी पूरबी ठुमरीच्या अंगाच्या चाली आणल्या आणि मराठी नाट्यसंगीताचा कान बदलून टाकला. ज्या बैठकींतून हा कान घडला तेथील प्रवेशाची गोष्ट मात्र त्यांना वेगळी सांगावी लागली नाही.

इळैयराजांना पेटी मिळाली ती वेगळ्या जागी. चौदा-पंधरा वर्षांचे असताना ते थोरल्या भावाच्या मंडळीत सामील झाले आणि पुढे दहाएक वर्षे तमिळ प्रदेश पायाखाली घातला. १९५८ च्या देविकुलम पोटनिवडणुकीत, जेथून कम्युनिस्ट उमेदवार रोसम्मा पुन्नूस निवडून आल्या, वरदराजन यांची गाणी मळ्यांतील तमिळ मजुरांपर्यंत प्रचार घेऊन गेली होती. मराठी अभ्यासकाला येथे १९४४ मध्ये स्थापन झालेले ‘लाल बावटा कलापथक’ आठवल्यावाचून राहणार नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांनी गिरणगावाच्या चाळींतून जे केले तेच थोड्याफार फरकाने वरदराजन यांनी चहा-वेलदोड्याच्या मळ्यांतून केले. लोकांच्या ओठांवरची चाल उचलायची आणि तिच्यात नवा मजकूर भरायचा. रचनाकाराच्या शिक्षणाच्या दृष्टीने ही पद्धत फार मोलाची आहे. चालीचे शब्द काढून घेतले की उरते काय, आणि त्या उरलेल्यात किती भार सोसण्याची ताकद आहे, हे रोज संध्याकाळी नव्या गावात, निवडक नसलेल्या श्रोत्यांपुढे तपासले जाते. आपल्या कलापथकांच्या वाङ्मयीन बाजूवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या चालींचा असा अभ्यास अजून व्हायचा आहे, आणि आता तो करू शकतील असे कान कमी होत चालले आहेत.

इळैयराजांच्या पहिल्या स्वररचनांत नेहरूंच्या निधनावर कण्णदासन यांनी लिहिलेल्या शोककवितेची चाल गणली जाते. पक्षाच्या मंचावर वाढलेल्या तरुणाने काँग्रेसच्या नेत्यावरील विलाप स्वरांत बांधावा, याचे नवल वाटू नये. आईकडून ऐकलेला ओप्पारी त्याच्या कानात आधीपासून होताच.

४

१९६८ च्या सुमारास भास्कर, राजा आणि अमर (पुढे गंगै अमरन) हे भाऊ मद्रासला निघाले. या प्रस्थानाची आठवण त्यांच्या आठवणींतील सर्वांत प्रसिद्ध. आईने घरातील रेडिओ ४०० रुपयांना विकला, आणि स्वतःसाठी काहीही न ठेवता सगळी रक्कम मुलांच्या हाती दिली. आईची माया हा तिचा अर्थ तर आहेच. पण संगीताच्या इतिहासाच्या अंगाने पाहता त्या घरातून नेमकी कोणती वस्तू गेली हे पाहण्यासारखे आहे. खेड्यातील घरात रेडिओ म्हणजे दूरचे ऐकण्याचे एकमेव दार. मुलांनी त्या आवाजाच्या उगमापाशी जावे म्हणून तो आवाज घरातून गेला.

मद्रासमध्ये मैलापूरला धनराज मास्टर पाश्चात्त्य संगीत शिकवत. स्वरलेखन, हार्मनी, काउंटरपॉइंट, पियानो आणि गिटार हे त्यांच्याकडचे शिक्षण. चित्रपटांतील अनेक वादक त्यांच्याच हाताखालून गेले. कर्नाटक संगीताचे मैलापूर आणि धनराज मास्टरांची खोली एकाच उपनगरात असाव्यात, आणि घाटापायथ्याहून आलेल्या तरुणासाठी त्यातील दुसरे दार आधी उघडावे, याला मी योगायोग मानत नाही. युरोपीय संगीत कागदावर लिहिलेले असते. ते वाचायला शिकणाऱ्याचे कूळ आणि परंपरा विचारण्याचे त्या कागदाला कारण नसते. बाखने एकल व्हायोलिनसाठी लिहिलेल्या रचनांची स्वहस्तलिखित प्रत १७२० सालची आहे. जो ती वाचू शकतो त्याच्याकडे बाख येऊ शकतो. ‘माझ्या घरी’ या शब्दांचा हा पहिला, अगदी व्यावहारिक अर्थ. कर्नाटक संगीताचे रीतसर शिक्षण इळैयराजांनी पुढे टी. व्ही. गोपालकृष्णन यांच्याकडे घेतले. क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

नावाची गोष्टही येथलीच. घरचे नाव रासय्या. धनराज मास्टरांनी त्याचे ‘राजा’ केले. गिटार आणि ऑर्गन वाजवत, सलिल चौधरी यांच्यासारख्यांच्या वाद्यवृंदात बसत, कन्नड चित्रपटांचे संगीतकार जी. के. वेंकटेश यांच्याकडे साहाय्यक म्हणून काम करत वर्षे गेली. १९७६ मध्ये निर्माते पंचू अरुणाचलम् यांनी ‘अन्नक्किळी’ हा चित्रपट दिला, आणि ए. एम. राजा हे नाव आधीच प्रसिद्ध असल्यामुळे ‘इळैय’, म्हणजे धाकटा, हा शब्द मागे जोडला. अरुणाचलम् हे कण्णदासन यांचे पुतणे. शोककवितेपासून पहिल्या चित्रपटापर्यंतचा धागा असा एका कुटुंबातून फिरतो. ज्याच्या नावावर दोघांनी दोन वेळा हात फिरवला, त्याने पुढे आपल्या संचाला ‘याला नाव कसे द्यावे?’ असे नाव दिले. ते केवळ चमकदार शीर्षक आहे असे मला वाटत नाही.

‘अन्नक्किळी’च्या पहिल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाची आठवणही नेहमी सांगितली जाते. सगळे वादक सज्ज, एस. जानकी गायला उभ्या, मुहूर्त साधलेला, आणि सुरू करा म्हणताच वीज गेली. कोणीतरी ‘छान शकुन झाला’ असे म्हणाले. येथे स्थळ म्हणजे चार भिंतींची, बाहेरचा आवाज आत येऊ नये अशी बांधलेली खोली. पण्णैपुरममध्ये आवाज अडत नव्हता. आता न अडणारा तो आवाज अडवणाऱ्या खोलीत नेऊन बसवायचा होता. त्या काळी तमिळ शहरांतील तरुणांच्या तोंडी ‘आराधना’, ‘बॉबी’ यांची हिंदी गाणी होती. ‘अन्नक्किळी’ने त्यांना तमिळकडे परत वळवले, हे विधान तमिळ चित्रपटेतिहासात आता रूढ झाले आहे. ते थोडे सोपे विधान आहे, पण खोटे नाही.

५

याच यशातून एक अडचण निर्माण झाली, आणि ती मला या साऱ्या विषयातील सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. ‘मातीचा वास’ हा गौरवाचा शब्द इळैयराजांना चिकटला. मराठीतही आपण तो सढळ हाताने वापरतो. २०१६ च्या ‘सैराट’नंतर अजय-अतुल यांच्याबद्दल तो किती वेळा वापरला गेला हे आठवून पाहावे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, शिरूर, मंचर अशा गावांत वाढलेल्या या भावांनी इळैयराजांना आपला आदर्श मानल्याचे जाहीरपणे सांगितले आहे, आणि ‘सैराट’च्या संगीतासाठी ते लॉस एंजेलिसच्या ध्वनिमुद्रणगृहात पाश्चात्त्य वाद्यवृंद घेऊन बसले. तरी लोकांना दिसली ती माती. गौरवाच्या या शब्दात एक अदृश्य कुंपण आहे. ज्याला माती दिली त्याला वास्तू द्यायची राहून जाते. त्याचे संगीत ‘उगवते’, तो ते ‘बांधतो’ असे कोणी म्हणत नाही.

इळैयराजांचा जन्म दलित कुटुंबातला, ही सार्वजनिक नोंदीतील गोष्ट आहे. या ओळखीच्या आधारे आपले संगीत वाचले जावे हे त्यांना मान्य नाही, हेही तितकेच सार्वजनिक आहे. मराठी वाचकाची येथे विशेष अडचण होते. ‘बलुतं’ (१९७८) पासून आपण एका विशिष्ट प्रकारच्या स्थळलेखनाला सरावलो आहोत. त्यात गावकुसाबाहेरची वस्ती, पाणवठा, शाळेतली बसण्याची जागा यांची नोंद म्हणजे साक्ष असते, आणि ती साक्ष देणे हे नैतिक धैर्य. इळैयराजांच्या आठवणींत अशी साक्ष आपण शोधतो आणि ती मिळत नाही. कष्ट सांगितले आहेत, दारिद्र्य सांगितले आहे, पण गावातील कोणत्या वाटेने कोणी चालायचे हे सांगितलेले नाही. याचे दोन निर्णय चटकन देता येतात : ते लपवत आहेत; किंवा संगीत जातीपलीकडचे असते हे त्यांनी सिद्ध केले आहे. पहिला निर्णय देणारा समीक्षक रचनाकाराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करतो. दुसरा देणारा तर त्याच्या मौनाचा वापर स्वतःच्या समाधानासाठी करतो, आणि मला तो अधिक अप्रामाणिक वाटतो.

मौन न मोडता मौनाची कड वाचता येते काय? माझ्या मते ‘माझ्या घरी’ हे शब्द ती कड आहेत. ज्या समाजव्यवस्थेत कोणी कोणाच्या घरी जायचे, कोणाच्या हातचे पाणी घ्यायचे, ओटीवर बसायचे की अंगणात, हे सारे जन्माने ठरवून दिलेले होते, तेथे ‘अमुक जण माझ्या घरी आला आणि आम्ही बोललो’ हे वाक्य साधे राहत नाही. रचनाकाराने हा अर्थ अभिप्रेत धरला होता असे मी म्हणत नाही. शीर्षक मात्र यजमानाच्या तोंडचे आहे, आणि यजमानपण ही त्या व्यवस्थेत दुर्मीळ केलेली वस्तू होती, एवढे विधान करण्यास मला संकोच वाटत नाही.

६

१९८६ च्या संचाला एक वर्ष आधीची पूर्वपीठिका आहे. के. बालचंदर यांच्या ‘सिंधु भैरवी’ (१९८५) या चित्रपटात एक तरुणी नामांकित कर्नाटक गायकाला भर सभेत आव्हान देते. श्रोत्यांना न कळणाऱ्या भाषेत किती काळ गाणार, असा तिचा प्रश्न आहे. मग ती लोकगीताच्या वळणाचे एक तमिळ गाणे गाते, आणि ते गाणे पाहता पाहता त्यागराजांच्या ‘मरि मरि निन्ने’ या कृतीत जाऊन मिळते. परंपरेने ही कृती कांभोजी रागात गातात. इळैयराजांनी ती सारमतीत बांधली. कृतीचा राग बदलणे म्हणजे पाठभेद करणे, आणि परंपरेच्या दृष्टीने तो अपराधच. या चित्रपटाच्या संगीतासाठी इळैयराजांना आणि त्याच गाण्यासाठी के. एस. चित्रा यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्याकडे याचे जवळचे उदाहरण मला ‘संत तुकाराम’ (१९३६) मध्ये दिसते. शांताराम आठवले यांनी लिहिलेला एक नवा अभंग जाणकारांनाही तुकारामांचाच वाटला, आणि या भासात केशवराव भोळे यांच्या वारकरी वळणाच्या चालीचा वाटा मोठा होता. भोळ्यांनी नवे ते जुन्यात बेमालूम मिसळले. इळैयराजांनी जुने उचलून नव्या जागी ठेवले आणि सांधा लोकांना दिसू दिला. (या चित्रपटानंतर दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, तमिळमध्येही ‘तुकाराम’ निघाला, आणि त्यात तुकाराम झाले होते मुसिरी सुब्रमण्य अय्यर हे कर्नाटक गायक. दोन्ही चित्रपटांतील चालींचा तौलनिक अभ्यास एखाद्या संशोधकाने हाती घ्यावा.)

‘हाउ टु नेम इट?’ मधील ‘चेंबर वेलकम्स त्यागराज’ या रचनेतही यजमानपणच आहे : युरोपीय धाटणीचा छोटा वाद्यवृंद त्यागराजांचे स्वागत करतो. या स्वागताला मराठीशी निगडित असा एक जुना संदर्भ आहे. त्यागराज (१७६७–१८४७) तिरुवैयारूला राहत होते त्याच काळात, थोड्याच मैलांवर तंजावरला, सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८–१८३२) यांच्या दरबारी युरोपीय वाद्यांचा बँड वाजत होता. त्याच राजाच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी संगीतनाट्य आहे, आणि त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल गाऊन सांगते. तंजावरच्या राजवाड्यात बसून खंडे, देश, नगरे गाण्यात बसवणारा हा मराठी राजा स्थळांचा आणि संगीताचा एक विलक्षण संग्राहक होता. परंतु त्याच्याकडे सारे जग चालत येणे स्वाभाविक होते. राजवाड्याचे दार आणि टी. नगरमधील घराचे दार यांत दीडशे-पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे, आणि ते केवळ काळाचे नाही.

‘आय मेट बाख इन माय हाउस’ मध्ये बाखच्या एकल व्हायोलिनसाठीच्या तिसऱ्या पार्टिटाचा प्रील्यूड आधाराला आहे. व्हायोलिन वाजवले आहे व्ही. एस. नरसिंहन यांनी. बाखचे स्वर बदललेले नाहीत, त्यांना ‘भारतीय’ पेहराव चढवलेला नाही. यजमानाचे सूर पाहुण्याच्या भोवतीने वावरतात, त्याला बसायला जागा देतात. बोलणे सुरू होते ते पुढच्या रचनेत. आदरातिथ्याची ही रीत मला फ्यूजन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक संगीतापेक्षा अधिक सुसंस्कृत वाटते. दोन वर्षांनी आलेल्या ‘नथिंग बट विंड’ (१९८८) मध्ये हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आहे. तो संच अधिक लोकप्रिय आणि अधिक सैल आहे.

संचातील आणखी एका रचनेचे नाव आहे ‘डोंट कम्पेअर’, तुलना करू नका. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने ते नम्रपणे वाचावे आणि आपले काम चालू ठेवावे.

७

स्थळांच्या या मालिकेतील सर्वांत दीर्घ मुक्काम मात्र घराचा नव्हे. साळिग्रामम् येथील प्रसाद स्टुडिओच्या आवारातील एका दालनात इळैयराजांनी चाळीसहून अधिक वर्षे काम केले. हजाराच्या वर चित्रपटांचे संगीत त्यांच्या नावावर आहे, आणि त्यातील फार मोठा भाग तेथे कागदावर उतरला. भल्या सकाळी बसून संपूर्ण वाद्यवृंदाचे स्वरलेखन एकटाकी करायचे आणि प्रती वादकांपुढे ठेवायच्या ही त्यांची पद्धत. चाल पेटीवर सुचवून बाकीचे अरेंजरवर सोपवण्याची हिंदी-मराठी चित्रपटसृष्टीतील रीत येथे नव्हती. त्यामुळे ती खोली त्यांच्यासाठी लेखकाचे टेबल होती. जागेचा वाद न्यायालयात गेला. २०२० च्या अखेरीस खोली सोडण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्या मागण्यांत आपल्या स्वरलेखनाच्या वह्या आणि सन्मानचिन्हे परत मिळावीत ही एक होती, आणि दुसरी अशी की एक दिवस त्या खोलीत ध्यानाला बसू द्यावे. न्यायालयीन कागदपत्रात अशी विनंती क्वचितच आढळेल. इळैयराजांच्या आठवणींचे संकलन कोणी केलेच, तर त्यात या अर्जालाही स्थान असावे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ सुरू केला. एका जुन्या प्रीव्ह्यू थिएटरचे रूपांतर करून तो उभारला आहे आणि टी. नगर-कोडंबाक्कमच्या परिसरात आहे. पण्णैपुरमच्या घरातील पेटी दुसऱ्याची होती, धनराज मास्टरांची खोली गुरूची होती, साळिग्रामम् चे दालन भाड्याचे होते.

लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदासाठी त्यांनी १९९३ मध्ये लिहिलेली सिम्फनी ध्वनिमुद्रित होऊनही प्रसिद्ध झाली नाही. माणिक्कवासगरांच्या शैव पदांवरील ‘तिरुवासगम्’ २००५ मध्ये बुडापेस्टच्या वाद्यवृंदासह आले. आणि ८ मार्च २०२५ रोजी, वयाच्या ऐंशी वर्षांनंतर, त्यांची ‘व्हॅलियंट’ ही सिम्फनी लंडनमध्ये त्याच रॉयल फिलहार्मोनिकने प्रथम वाजवली. या खेपेस रचनाकार पाहुणा म्हणून गेला होता.